सुई, गोळी आणि खारं पाणी

१४ ऑक्टोबर २०२४, अमरावती

खांदा आखडला आहे, तुटलं-फाटलं काही नाही. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला, हात स्वतः धरून चारी दिशांना फिरवून पाहिला आणि रक्तातली साखर तपासून आणायला लावली. मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. साखर ठीक निघाली. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, घट्ट होतं आणि हात वर जाईनासा होतो. मागे तर मुळीच जात नाही. वेणी घालणं, पदर खांद्यावर नीट घेणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं, सगळं अडलंय. रात्री त्या कुशीवर वळलं की कळ थेट कोपरापर्यंत जाते.

भिंतीवर बोटं चढवत नेण्याचा व्यायाम दिला, शेक सांगितला आणि दुखणं थांबवणारी गोळी फक्त पाच दिवसांची लिहून दिली. "पाच म्हणजे पाचच," असं दोनदा बजावलं. हे बजावणारे डॉक्टर मला मोलाचे वाटतात.

संध्याकाळी शेजारच्या काकूंनी ॲक्युपंक्चरचं नाव काढलं. त्यांची मान तिथे मोकळी झाली म्हणे. अमरावतीत उसण भरली, लचकलं की लोक तालमीकडे वळायचे. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ इथे १९१४ पासून आहे, आणि वस्तादाच्या हाताला गुण असतो हे या गावात कुणाला समजावून सांगावं लागत नसे. त्यामुळे दवाखान्याबाहेरच्या माणसानं सांध्याला हात लावणं मला परकं नाही. सुई मात्र नवी. हाडांच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. "व्यायाम सोडू नका, मग खुशाल जा," म्हणाले.

१६ ऑक्टोबर

जिना चढून गेल्यावर दोन छोट्या खोल्या. डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. दारातच नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं आहे. महाराष्ट्रानं ॲक्युपंक्चरसाठी २०१५ मध्ये वेगळा कायदा केला, त्यातून ही नोंदणी आली. बंगालनं तसा कायदा १९९६ मध्येच केला होता. केंद्रानं २०१९ मध्ये ही स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्य केली. आपल्या अंगात सुया टोचणारा माणूस कुठे शिकला, हे विचारायचा हक्क आता कागदावर आहे, आणि तो प्रत्येकानं वापरावा. मी विचारलं. त्यांनी राग न मानता सगळं सांगितलं.

सुरुवात प्रश्नांनी झाली. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे का? हृदयाला पेसमेकर? इंजेक्शन पाहून चक्कर येते का? जेवून आलात ना? माझ्या आधीच्या तरुण मुलीला त्यांनी दिवस गेलेत का तेही विचारलं, कारण अंगठा आणि तर्जनीमधल्या खाचेसारख्या काही जागा गरोदरपणी टाळतात. मग जीभ पाहिली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली. आपल्याकडच्या वैद्यांची आठवण व्हावी इतकं ते सारखं.

सुयांचं नवं पाकीट माझ्यासमोर फोडलं. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव, पाव मिलिमीटर जाडीची, एकदा वापरून टाकून द्यायची. दोन-तीन सुया खांद्याजवळ गेल्या. एक मात्र गुडघा आणि घोट्याच्या मधोमध, नडगीच्या बाहेरच्या बाजूला, आणि ती आत असतानाच म्हणाल्या, "आता हात हळूहळू वर न्या." सुई पायात आणि हालचाल हाताची! आखडलेल्या खांद्यासाठी ही चिनी वैद्यकातली नेहमीची रीत आहे. टोचल्याचं दुखणं जवळजवळ नव्हतं. आत खोलवर काहीतरी भरून आल्यासारखं जड वाटलं. त्याच जाणिवेची त्या वाट पाहत होत्या.

हात सकाळपेक्षा थोडा वर गेला. त्याचा अर्थ मी आज लावणार नाही.

२२ ऑक्टोबर

दवाखान्यात एक चित्र आहे, माणसाच्या अंगावर रेषा आणि ठिपके. चौदा वाहिन्या, त्यांवर ३६१ जागा. जागतिक आरोग्य संघटनेनं याच जागांना जगभर एकच नावं-आकडे ठरवून दिले, म्हणून अमरावतीतली डॉक्टरबाई आणि बीजिंगमधला डॉक्टर एकाच जागेबद्दल बोलू शकतात.

मी आयुष्यभर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं. शवविच्छेदनात या वाहिन्या सापडत नाहीत. नसा सापडतात, स्नायू सापडतात, त्यांच्या आवरणांचे पडदे सापडतात, आणि पुष्कळ ठिपके नसांच्या जवळ पडतात. १९७० च्या दशकात एक सुंदर प्रयोग झाला. सुईनं दुखणं कमी झालेल्या माणसांना नॅलोक्सोन दिलं, म्हणजे अफूचा परिणाम उतरवणारं औषध, तर कमी झालेलं दुखणं बऱ्याच अंशी परत आलं. याचा अर्थ शरीर स्वतःची वेदनाशामकं सोडत असावं. २०१० मध्ये उंदरांवरच्या कामात सुईच्या जागी ॲडेनोसिन वाढलेलं दिसलं. ही सगळी वाट अजून पूर्ण चालून झालेली नाही, पण चालण्यासारखी आहे.

चित्राखाली लिहिलंय, 'पाच हजार वर्षांची परंपरा'. हे काढून टाकावं असं मी त्यांना आज सांगितलं. ज्या ग्रंथावर हे शास्त्र उभं आहे, तो पिवळ्या सम्राटाच्या नावाचा वैद्यकग्रंथ, इसवी सनाआधीच्या शेवटच्या शतकांतला मानतात. दोन हजार वर्षं काही कमी नाहीत. आणि परंपरा सलगही नाही. १८२२ मध्ये चीनच्या सम्राटानं राजवैद्यांच्या संस्थेतून सुया हद्दपार केल्या होत्या. आज आपण पाहतो ती बारीक पोलादी सुई, ठरावीक अभ्यासक्रम, रुग्णालयातला विभाग, हे बहुतेक विसाव्या शतकातलं आहे. खरा इतिहास सांगितल्यानं उपचार लहान होत नाही. त्या ऐकून घेत होत्या, वाद घातला नाही.

३ नोव्हेंबर, भाऊबीज, दर्यापूरकडचं आमचं गाव

ओवाळणं झालं, दादाच्या घरची पुरणपोळी झाली. दुपारी वहिनीबरोबर वावरात गेले. सोयाबीनची सोंगणी उरकली आहे, पऱ्हाटी पांढरी फुटली आहे. बायका कमरेला ओटी बांधून वेचत होत्या. वाकायचं, दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करायची, ओटी भरली की तसंच ओझं घेऊन चालायचं. मजुरी किलोवर, त्यामुळे पाठ सरळ करायला कुणी थांबत नाही.

एका मावशीनं पाण्याबरोबर गोळी घेतली. मी विचारलं कसली. "कंबरेची," म्हणाली. "दिवसभर वाकून कंबर मोडते, बाई. रातच्याले एक गोयी, सकायी एक. मंग कामावर जाता येते." कुणी दिली? मेडिकलवाल्यानं. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. किती दिवसांपासून? तिनं हात उडवला. वेचणी सुरू झाल्यापासून, आणि त्याआधी निंदणीपासून, आणि त्याआधीही.

हे खारपाणपट्ट्यातलं गाव. अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतून पूर्णेच्या खोऱ्यात हा पट्टा पसरलाय. जमिनीखालचं पाणी खारट. किडनीच्या आजाराची धास्ती इथे घरोघर आहे, आणि त्याच घरांत दुखण्याची गोळी शेंगदाण्यासारखी खाल्ली जाते. मी वहिनीला वहीच्या पानावर काढून दाखवलं. किडनीत रक्त नेणाऱ्या बारीक नळ्या उघड्या ठेवायला शरीर एक रसायन बनवतं. उन्हात घाम गाळून अंगातलं पाणी कमी झालं की किडनी या रसायनाच्याच आधारावर असते. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारखी गोळी दुखणं थांबवते ती हेच रसायन बंद पाडून. ऊन, तहान आणि गोळी असं तिन्ही एकत्र आलं की किडनीवर घाला येतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आणखीच. पोटात जखम होते ती वेगळीच.

वहिनी गप्प बसून पाहत होती. मग म्हणाली, "पण बाई, दुखते त्याचं काय?"

हाच प्रश्न आहे. गोळी घेऊ नका एवढं सांगून कुणाची कंबर थांबत नाही.

६ नोव्हेंबर, अकोला

ताईकडे आले. तिचे गुडघे गेली कितीतरी वर्षं झिजलेले. फ्रिजवरच्या डब्यात गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, तीन वेगळ्या नावांच्या, आत औषध एकच. भावजी म्हणाले, एक लागू पडेना म्हणून दुसरी आणली. मला रात्रभर झोप नाही.

ताईला सुयांबद्दल ऐकायचं होतं. मी म्हटलं, आधी रक्त-लघवीची तपासणी, मग सुई. या क्रमात मी तडजोड करणार नाही. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाला संधिवात असू शकतो, गाऊट असू शकतो, हाडात दुसरं काही असू शकतं. सुईनं दुखणं दबलं आणि मूळ आजार वाढत राहिला, तर तो उपचाराच्या नावावर झालेला तोटा.

८ नोव्हेंबर, अकोला

ताईच्या रक्तातलं क्रिएटिनिन, किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं, वर गेलंय, फार नाही, पण वर. तपासणाऱ्या डॉक्टरांनी तिन्ही पट्ट्या बाजूला काढल्या. तोंडावाटे घ्यायच्या या गोळ्या आता बंद. गुडघ्यावर चोळायचं मलम, मांडीच्या स्नायूंचा व्यायाम, वजन कमी करणं, लागलंच तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. ताईनं त्यांनाच सुयांचं विचारलं. ते म्हणाले, किडनीला त्याचा त्रास नाही, सुई स्वच्छ असेल तर करून पाहा.

रात्री मी शोधत बसले. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनं २०१९ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठी ॲक्युपंक्चरची सावध शिफारस केली. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०२२ मध्ये नेमकं उलट सांगितलं, झिजेसाठी ते देऊ नका. अभ्यास बहुतांशी तेच. एकानं विचारलं, रुग्णाला बरं वाटतं का? दुसऱ्यानं विचारलं, खोट्या सुईपेक्षा खरी सुई पुरेशी सरस ठरते का? ताईच्या बाबतीत मला तिसरा प्रश्न पडतो, तिच्यापुढे दुसरं काय उरलंय? ज्याची किडनी ठणठणीत आहे त्याच्यासाठी उत्तर वेगळं येईल.

९ नोव्हेंबर, अकोला

ताईचा पहिला दिवस. घराजवळच एक दवाखाना निघाला. सुया गुडघ्याभोवती, एक नडगीशेजारी गुडघ्याखाली, आणि एक पायाच्या आतल्या बाजूला घोट्याच्या वर. ताई हळूच मला म्हणाली, "अवं, दुखते गुडघा अन् घोट्यापाशी काय टोचते?" त्याच खोलीत एका पैलवान मुलाच्या पाठीवर काचेचे पेले उपडे लावलेले होते. आतली हवा तापवून लावतात, त्वचा ओढली जाते, गोल लाल वळ उठतात. २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये पोहणाऱ्या मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर ते वळ साऱ्या जगानं पाहिले.

ताई म्हणाली, "ही तर तुंबडी!" खरंच. आमच्या लहानपणी वैदू यायचे, झोळीत तुंबड्या, जडीबुटी. आजोबांच्या पाठीला लावलेली तुंबडी मला अजून दिसते. सुश्रुतानं रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि भोपळा सांगितला, त्यातला भोपळा म्हणजे हीच. वैदूची तुंबडी आपण अडाणी म्हणून टाकली आणि काचेची झाली तेव्हा पैसे देऊन लावून घेतली, याचं मला वाईट वाटतं. दोन्हीला एकच कसोटी लावायला हवी होती: काय साधतं, किती टिकतं, इजा होते का.

२० नोव्हेंबर, अमरावती

विधानसभेचं मतदान. रांग शाळेच्या पटांगणाबाहेर गेली होती. माझ्या पुढे-मागे सगळ्या साठीच्या आसपासच्या बायका, आणि बोलणं गुडघ्यांचं. कुणी तेल सांगत होतं, कुणी चुंबकाचा पट्टा, कुणी खिळ्यांची चप्पल. एकीनं लाकडी रोलर मिळतो त्या दुकानाचा पत्ता दिला. इतक्या बायका इतकं दुखणं अंगावर काढताहेत आणि त्यांच्याशी त्याबद्दल नीट बोलायला कुणी बसलेलं नाही. म्हणून जो बोलतो त्याच्याकडून त्या वस्तू विकत घेतात.

माझा हात आता कानाच्या वर जातो. मत देण्याआधी शाई लावायला डावा हात पुढे केला, बाहेर आल्यावर उजव्यानं ताईला फोन लावला.

२९ नोव्हेंबर

आज दिवसभर एकाच अभ्यासाशी बसले होते, कारण तो टाळून या विषयावर बोलणं मला खोटं वाटतं. जर्मनीत विमा कंपन्यांना ठरवायचं होतं की सुयांचे पैसे द्यायचे की नाही. म्हणून मोठ्या चाचण्या झाल्या. कंबरदुखीची चाचणी २००७ मध्ये छापून आली. ११६२ रुग्ण, तीन गट. एका गटाला नियमाप्रमाणे खऱ्या जागी सुया. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर. तिसऱ्याला गोळ्या, व्यायाम, फिजिओथेरपी असा नेहमीचा उपचार. सहा महिन्यांनी खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के लोकांना फरक पडला. खोट्या सुयांनी ४४.२ टक्के. नेहमीच्या उपचारानं २७.४ टक्के.

दोन्ही बाजूंनी हे आकडे अर्धे वाचले जातात. सुईचे भक्त पहिला आणि तिसरा आकडा सांगतात. विरोधक पहिला आणि दुसरा. मला तिन्ही एकत्र हवेत. नेमक्या ठिपक्याला जितकं महत्त्व दिलं जातं तितकं ते नसावं, हे ॲक्युपंक्चर करणाऱ्यांनी मान्य करायला हवं. आणि ज्या उपचारात कुणीतरी अर्धा तास तुमच्याजवळ थांबतं, दुखरी जागा बोटानं शोधतं, तुम्हाला शांत पडून राहायला लावतं, तो उपचार नेहमीच्या दवाखान्यापेक्षा जास्त लोकांना आराम देऊन गेला, हे बाकीच्या वैद्यकानं मान्य करायला हवं. आपल्या बाह्यरुग्ण विभागात कंबर दुखणाऱ्या बाईच्या वाट्याला किती मिनिटं येतात?

अर्धशिशीबद्दल चित्र थोडं जास्त आशादायक आहे. २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात २२ चाचण्या आणि ४९८५ माणसं होती. नेहमीच्या उपचारावर शंभरातल्या १७ जणांची डोकेदुखी निम्म्यावर आली, सुयांवर ४१ जणांची. खोट्या सुयांशी तुलना केली तिथे ४१ विरुद्ध ५०. फरक लहान, पण आहे. ज्यानं अंधाऱ्या खोलीत डोकं बांधून दिवस काढलेत त्याला नऊ माणसांचा फरक लहान वाटणार नाही. मळमळीसाठी मनगटाच्या आत, घडीपासून तीन बोटं वर दाबायची जागाही शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांसाठी पुष्कळदा तपासली गेली आहे आणि तिचा उपयोग दिसला आहे. तिला सुई नाही, डॉक्टर नाही, पैसा नाही. एसटीत पोट ढवळणाऱ्या मुलांना आईनं ही जागा दाबून पाहायला काय हरकत आहे?

एक गैरसमज इथेच लिहून ठेवते. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांचं अपेंडिक्स १९७१ मध्ये पेकिंगमध्ये सुयांची भूल देऊन काढलं, असं अजून सांगतात. भूल नेहमीच्या औषधांचीच होती. शस्त्रक्रियेनंतर पोट फुगलं, त्यासाठी सुया लावल्या. रेस्टन यांनी ते लिहिलं आणि पुढच्या वर्षी निक्सन चीनला गेले, तेव्हा अमेरिकेचं लक्ष तिकडे वळलं.

९ डिसेंबर

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा स्मृतिदिन. ते १९४२ मध्ये याच तारखेला उत्तर चीनमध्ये वारले, वय अवघं ३२. सोलापूरचा मुलगा. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि स्वतः कोटणीस झाले, त्यामुळे नाव घरोघर पोहोचलं. पण १९३८ च्या सप्टेंबरात मुंबईहून चीनला निघालेल्या वैद्यकीय पथकात पाच जण होते: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि कोटणीस. नागपूरचे डॉ. चोळकर वयानं सगळ्यांत मोठे. तेव्हा नागपूर, अमरावती, अकोला एकाच प्रांतात होते, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. आपल्याकडच्या एका पिकल्या वयाच्या डॉक्टरानं जपानी बॉम्बखालच्या चीनमध्ये जायचं कबूल केलं, आणि आम्ही शाळेत त्यांचं नावही शिकलो नाही. मला ते मुलांना शिकवायला फार आवडलं असतं.

कोटणीस शल्यचिकित्सक, जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले. सुया भारतात आणल्या त्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. ते १९५८ च्या सुमारास पुन्हा चीनला गेले, ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५९ पासून कलकत्त्यात त्यानं उपचार करू लागले. तीनच वर्षांत भारत-चीन सीमेवर युद्ध झालं. शत्रुदेशाची म्हणून ही विद्या टाकून देणं किती सोपं होतं! बसूंनी टाकली नाही, शिष्य तयार केले. बंगालचा कायदा सगळ्यांत आधी आला त्यामागे ही मुळं आहेत. लुधियान्यात कोटणीसांच्या नावानं ॲक्युपंक्चरचं रुग्णालय चालतं. माझ्या डॉक्टरबाईंना आज हे सांगितलं. त्यांनी 'पाच हजार वर्षां'ची पट्टी काढली होती. म्हणाल्या, तिथे या पाच जणांचा फोटो लावते.

२१ डिसेंबर

भाच्यानं ताईसाठी ऑनलाइन मागवलेलं चिनी जडीबुटीचं पाकीट घरी आलं. ताईनं मला विचारायला फोन केला, बरं झालं. पाकिटावर अक्षरं चिनी, आत काळपट गोळ्या. मी म्हटलं, उघडूसुद्धा नकोस.

सुई आणि चिनी औषध या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्या एकाच पिशवीत टाकतात. चिनी वनस्पतीनं जगाला फार मोठं दान दिलंय. तू यूयू यांनी चौथ्या शतकातल्या एका चिनी ग्रंथातली सूचना वाचली, वनस्पती पाण्यात भिजवून पिळा आणि रस प्या, उकळण्याचं नाव नाही, आणि त्यावरून कमी तापमानात अर्क काढला. त्यातून हिवतापावरचं आर्टेमिसिनिन निघालं, २०१५ चं नोबेल मिळालं. मेळघाटात डोक्यात जाणारा हिवताप झाला तर सरकारी दवाखान्यात आज त्याच औषधावर बेतलेला उपचार मिळतो. पण तो पुडीतून मिळत नाही. मोजून, तपासून, दुसऱ्या औषधाच्या जोडीनं मिळतो.

उलटी बाजू बेल्जियममधली. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्याच्या चिनी मिश्रणात एका वनस्पतीच्या जागी तिच्याच नावाशी मिळतीजुळती दुसरी आली. शंभरहून जास्त बायकांच्या किडन्या बिघडल्या, पुढे काहींना मूत्रमार्गाचे कर्करोग झाले. विष होतं ॲरिस्टोलोकिक आम्ल. आपल्याकडची सापसंद त्याच कुळातली, तिच्यातही ते असतं. जिची किडनी आधीच थकलेली आहे तिनं अनोळखी मुळी पोटात घ्यायची नाही, चिनी नाही, आपली नाही.

याच पानावर आणखी एक गोष्ट. चिनी वैद्य सुईबरोबर दवण्याच्या कुळातल्या एका पाल्याची वात पेटवून त्वचेजवळ धरतात, ऊब देतात. डॉक्टरबाईंनी माझ्या खांद्याला ती दिली तेव्हा त्यांचा स्वतःचा हात मध्ये होता, म्हणजे चटका आधी त्यांना कळावा. आमच्याच जिल्ह्यात मेळघाटात तान्ह्या बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्यानं चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. दर काही महिन्यांनी पेपरात बातमी येते. त्या आईला दोष द्यायला माझं मन धजत नाही. दवाखाना डोंगरापलीकडे आहे. पण 'उष्णतेनं उपचार तर दोन्हीकडे आहे' असं म्हणत कुणी डंब्याला सुईच्या पंक्तीत बसवू पाहील तर ते मला सहन होणार नाही. बाळ भाजलं जातं आणि आतला आजार तसाच राहतो.

५ जानेवारी २०२५, अकोला

ताई आता गोळीशिवाय आहे. क्रिएटिनिन थोडं उतरलंय. ते गोळ्या थांबल्यामुळे, सुयांमुळे नाही. मी तिला तसंच सांगितलं. सुयांचं काम एवढंच की गोळ्या थांबवण्याचे हे आठवडे तिला काढता आले. जिना उतरताना अजून कठडा धरते. मांडीचे व्यायाम रोज करते, कारण सुई लावणाऱ्या डॉक्टरांनी प्रत्येक वेळी आधी तेच विचारलं.

माझा हात मागे पाठीपर्यंत जातो. आखडलेला खांदा पुष्कळदा एक-दोन वर्षांत आपोआपही सुटतो, तेव्हा किती श्रेय कुणाचं हे एका खांद्यावरून ठरत नाही. रात्रीची झोप मात्र पहिल्या काही वेळांतच परत आली होती. तेवढ्यासाठी मी आभारी आहे.

डॉक्टरबाईंशी आज फोनवर बोलताना मी एक यादी मागितली, कुणाला तुम्ही सुई न लावता परत पाठवता? त्यांनी लगेच सांगितली: छातीतलं दुखणं, एकदम आलेली तीव्र डोकेदुखी, ताप असलेली सूज, लघवीवरचा ताबा सुटलेली कंबरदुखी, कारण नसताना उतरणारं वजन. खांद्यावर आणि छातीवर सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकतं, विरळा, पण होतं, हेही त्याच बोलल्या. ज्याला ही यादी तोंडपाठ आहे त्याच्याकडे मी माझ्या माणसांना पाठवीन.

१९ जानेवारी, गाव

वहिनीचं हळदीकुंकू. वाण म्हणून तिनं यंदा पाण्याच्या बाटल्या दिल्या, ही कल्पना तिचीच. वावरात नेण्याजोग्या, एक लिटरच्या. मला दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं, बायकांनी संध्याकाळ होईपर्यंत उठू दिलं नाही. गोळी, ऊन आणि किडनीचं तेच चित्र मी भिंतीवर मोठं काढलं. कंबरेचे दोन व्यायाम करून दाखवले. मनगटावरची जागा दाखवली. ओटी अर्धी भरली की रिकामी करायची, यावर मात्र जोरात वाद झाला, कारण फेऱ्या वाढल्या की वेचणी कमी भरते आणि पैसा कमी येतो. तो हिशेब त्यांचा बरोबर आहे.

सुयांचं ऐकून ती वावरातली मावशी म्हणाली, "सुई टोचून घ्याले अमरावतीले जाव लागन. दिवसाची रोजी जाईन, एसटीचे पैसे वायले. दर आठवड्याले कोन जाईन?"

माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं. रात्री डॉक्टरबाईंना फोन केला. महिन्यातून दोन बुधवार त्या दर्यापूरला बसायला तयार आहेत, जागा मिळाली तर, आणि एका अटीवर: गावच्या आशा सेविकेनं, म्हणजे आशाताईंनी, आधी प्रत्येकीला रक्तदाब, साखर, क्रिएटिनिन तपासून आणायला लावायचं. दादा उद्या ग्रामपंचायतीत जागेचं विचारणार आहे. आशाताईंना मी सकाळी भेटते.